चिप लावलेला जुना एक्सबॉक्स बंद पडला, तर सुरुवात कुठून करायची

मॉडचिप (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी दुसरं चालवू देणारी चिप) लावलेला पहिल्या पिढीचा एक्सबॉक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं यंत्र, बंद पडला की सगळ्यांचं बोट आधी चिपकडे जातं. घरात काहीही बिनसलं की नव्या सुनेकडे बघायचं, त्यातलाच हा प्रकार. चिप बाहेरून आलेली, मागाहून लावलेली, बहुधा कुणीतरी घरीच सोल्डर केलेली, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण हे यंत्र अमेरिकेत विक्रीला आलं १५ नोव्हेंबर २००१ रोजी. म्हणजे आज आपल्या हातात असलेला प्रत्येक मदरबोर्ड जुना झालेला आहे, आणि त्याचे स्वतःचे, कुठल्याही चिपशी संबंध नसलेले आजार भरपूर आहेत. चिप काढून फेकली आणि बिघाड तसाच राहिला, असं फार वेळा होतं.

म्हणून ‘काय बिघडलं?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवायचा. आधी विचारायचं, ‘यंत्र कुठवर पोचून थांबलं?’ या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्म्याहून अधिक संशयित गळून पडतात.

त्यासाठी बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडं माहीत हवं. हा एक्सबॉक्स म्हणजे खोक्यात घातलेला त्या काळातला पीसी. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ६४ एमबी रॅम, साधी आयडीई हार्डडिस्क. भिंतीतला स्विच चालू असतो तेव्हा एक छोटा मायक्रोकंट्रोलर सतत जागा असतो. त्याला एसएमसी म्हणतात. बटण दाबलं की तो पॉवर सप्लायला ‘चालू हो’ असा इशारा देतो. प्रोसेसर जागा होतो आणि साउथब्रिज चिपमध्ये कोरलेला जेमतेम ५१२ बाइटचा गुप्त प्रोग्राम चालवतो. तो रॅम तयार करतो, फ्लॅश मेमरीतला बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, उलगडतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. (हाच गुप्त तुकडा एमआयटीतल्या अँड्र्यू हुआंग या विद्यार्थ्याने २००२ मध्ये चिपांमधल्या वेगवान बसवरून जाणारा डेटा टिपून बाहेर काढला. पुढचं सगळं मॉडिंग त्या पायावर उभं आहे.) बायोस सुरू झाला की एसएमसी त्याला एक कोडं घालतो. उत्तर वेळेत आलं नाही तर एसएमसी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो. कोडं सुटलं की हार्डडिस्कचं कुलूप उघडतं आणि शेवटी डॅशबोर्ड, म्हणजे मुख्य मेनू, दिसतो.

एवढा प्रवास डोक्यात ठेवला की इजेक्ट बटणाभोवतीची दिव्याची कडी वाचता येते.

दिवा लागलाच नाही, तर गाडी एसएमसी आणि सप्लायच्या पुढे सरकलेली नाही. दोनदा आपोआप बंद-चालू होऊन तिसऱ्यांदा लाल-हिरवी उघडझाप सुरू झाली, तर सप्लाय बहुतेक ठीक आहे, पण एसएमसीच्या कोड्याला उत्तर मिळालेलं नाही. याला या छंदातली मंडळी ‘फ्रॅग’ म्हणतात. हिरवा दिवा स्थिर आणि पडद्यावर अनेक भाषांत ‘सर्व्हिसची गरज आहे’ असा संदेश, कोपऱ्यात एक आकडा, असं असेल तर प्रोसेसर, रॅम, बायोस सगळं धडधाकट आहे. अडलंय ते डिस्कपाशी किंवा त्याच्याही पुढे. नारिंगी-हिरवी उघडझाप म्हणजे टीव्हीची केबल नीट बसलेली नाही. नुसता लाल दिवा उघडझाप करत असेल तर यंत्र तापलंय.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट. पीसीचा पॉवर सप्लाय पत्र्याच्या डब्यात बंद असतो. एक्सबॉक्समधला तसा नसतो, ती उघडी सर्किट आहे. वरचं झाकण आणि आतला डीव्हीडी ड्राइव्ह काढला की २३० व्होल्ट वागवणारे टाके तुमच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतात. त्यातला मोठा कपॅसिटर आपल्याकडच्या विजेवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो. तेव्हा प्लग काढायचा, थोडं थांबायचं आणि सप्लायच्या बोर्डाला हात न लावता काम करायचं. चालू यंत्रावर मोजमाप करायचंच असेल तर ते हार्डडिस्कच्या चार पिनांच्या कनेक्टरवर करा. लाल तारेवर ५ व्होल्ट, पिवळीवर १२ व्होल्ट, काळ्या तारा ग्राउंड. ४.७५ ते ५.२५ आणि ११.४ ते १२.६ च्या आत आकडे असतील तर काळजी नाही. हे दोन आकडे नीट असतील तर सप्लायला तूर्त संशयितांच्या यादीतून वगळायला हरकत नाही.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते. इथले बरेच एक्सबॉक्स कुणा काका-मावशीच्या सामानातून अमेरिकेहून आलेले असतात, आणि अमेरिकन सप्लाय १०० ते १२० व्होल्टसाठीच बनवलेला असतो. मोबाइलच्या चार्जरसारखा तो कुठेही चालत नाही. थेट भिंतीत लावला की आवाज येतो, मग शांतता. नशीब बरं असेल तर सप्लायच्या फ्यूजवर निभावतं. अशा यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा, दोनशे वॅटचा पुरे. नाहीतर युरोपीय एक्सबॉक्सचा २२०-२४० व्होल्टचा सप्लाय मिळवून बसवा, मात्र तो त्याच जातीचा हवा. मदरबोर्डाच्या १.० ते १.६ अशा आवृत्त्या आहेत: १.० आणि १.१ चा कनेक्टर वेगळा, १.२ ते १.५ चा वेगळा, १.६ चा आणखी तिसरा.

आवृत्ती पुढेही पावलोपावली लागणार आहे, म्हणून ती ओळखायची कशी ते इथेच सांगतो. तळाच्या लेबलवर सिरियल नंबर असतो, त्याचे शेवटचे पाच आकडे बघा. समजा ते २०९०३ आहेत. पहिला २ म्हणजे वर्ष २००२, मग ०९ म्हणजे नववा आठवडा आणि ०३ म्हणजे हंगेरीतला कारखाना. ०२ असेल तर मेक्सिको, ०५ चीन, ०६ तैवान. साधारण २००४ पासूनचं यंत्र असेल तर ते १.६ असण्याची शक्यता धरून चालायचं आणि आत बघून खात्री करायची.

सप्लायचा आणखी एक जुना दुखणेकरी भाग म्हणजे पॉवर कॉर्डचं सॉकेट. कॉर्ड वर्षानुवर्षं हलत राहिली की बोर्डावरच्या सॉकेटचे टाके भेगाळतात, तिथे ठिणगी पडते आणि जळतं. फेब्रुवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १ कोटी ४१ लाख पॉवर कॉर्ड बदलून देण्याचं जाहीर केलं होतं, ते उगाच नाही. कॉर्ड हलवल्यावर यंत्र चालू-बंद होत असेल तर पुढे काहीही तपासू नका. आधी ते टाके बघा. सप्लायचं काम येत नसेल तर ते येणाऱ्या माणसाकडे द्या.

आता खऱ्या खलनायकाकडे येऊ. १.० ते १.५ पर्यंतच्या प्रत्येक बोर्डावर एक बुटकी, डबीसारखी वस्तू असते. १ फॅरड, २.५ व्होल्टचा कपॅसिटर. प्लग काढल्यावर काही तास घड्याळ चालू ठेवणं, एवढंच त्याचं काम. तेवढ्यासाठी तो आतून गळतो आणि बोर्डाचे तांब्याचे ट्रॅक खातो. एक्सबॉक्स अपरात्री आपोआप चालू होतो, ट्रे स्वतःहून बाहेर येतो, बटण दाबलं तर काहीच होत नाही आणि कधी चौथ्या दाबण्याला चालू होतो: ही लक्षणं ऐकली की मी चिपचा विचारही करत नाही. पुढच्या पॅनलपासून एसएमसीपर्यंत जाणारे बटणांचे ट्रॅक अर्धवट खाल्ले गेले की एसएमसीला न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटतं आणि दाबलेलं कळत नाही. १.६ मध्ये या जागी वेगळ्या बनावटीचा कपॅसिटर आहे, तो सहसा असा त्रास देत नाही.

तो काढायचा कसा, हे जरा सावकाश बघू. हाताने हलवून उपटायचा मोह आवरा, कारण पायाबरोबर बोर्डावरचं तांब्याचं कडंही निघून येतं आणि छोटं काम मोठं होतं. बोर्ड पूर्ण बाहेर काढा. केसचे सहा स्क्रू टी-२० टॉर्क्सचे, तळाच्या पायांखाली आणि लेबलांखाली दडलेले. ड्राइव्हचे तीन टी-१० चे, त्यातला एक आयडीई केबलच्या खाली असतो आणि हमखास विसरला जातो. बोर्ड उलटा धरून कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर आधी थोडं नवं सोल्डर चढवा. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही, नव्याबरोबर मिसळलं की सुटतं. मग एका पायाला गरम करून किंचित कलता करा, मग दुसऱ्या. ग्राउंडचा पाय उशिरा सुटेल, कारण बोर्डातलं तांब्याचं मोठं पटल उष्णता शोषून घेतं. गडबड न करता आयर्न थोडा जास्त वेळ धरा. या वेळी उग्र वास आला तर गळती झालेली आहे हे नक्की. खिडकी उघडा.

डबी निघाली की खालची जागा भिंगाखाली बघा. निरोगी ट्रॅक हिरव्या लेपाखाली तांबूस, सरळ आणि सपाट दिसतो. बाधलेला काळपट असतो, लेप फुगलेला किंवा सुटलेला असतो, आणि ट्रॅक ज्या बारीक छिद्रातून खालच्या बाजूला जातो तिथे काळी कडी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा घासा. बोर्डाची दुसरी बाजूही घासायची, कारण द्रव छिद्रांतून झिरपतो. वाळल्यावर मल्टिमीटर बीपवर लावून प्रत्येक संशयित ट्रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. बीप आली तरी ट्रॅकला टोकाने हलकंच दाबून बघा. केसाएवढा उरलेला ट्रॅक थंड असताना बीप देतो आणि गरम झाल्यावर दगा. तुटलेला सापडला तर दोन्ही टोकांवरचा लेप खरवडून इनॅमलची बारीक तार सोल्डर करा. बटणांच्या ट्रॅकमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे तार जाड असायची गरज नाही.

नवा कपॅसिटर बसवायचा का? माझं मत, नको. तो नसल्याने यंत्राचं काही अडत नाही. प्लग काढला की घड्याळ शून्यावर जातं, इतकंच. फक्त एक अपवाद: काही जुन्या सॉफ्टमॉडमध्ये घड्याळ हरवलं की डॅशबोर्ड ‘वेळ लावा’ या पडद्यावरच घुटमळत राहतो किंवा १६ नंबरची चूक दाखवतो. तुमचं यंत्र चिपऐवजी सॉफ्टवेअरने मॉड केलेलं असेल, तर कपॅसिटर काढण्याआधी सॉफ्टमॉड नव्या पद्धतीचा करून घ्या.

समजा यंत्र चालू होतंय, पण लाल-हिरवं करतंय. आता चिपवर संशय घ्यायला हरकत नाही. आणि तो संशय खरा की खोटा हे ठरवायची फार सुंदर सोय या यंत्रातच आहे.

मॉडचिप एलपीसी नावाच्या कनेक्टरवर बसते. बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये बायोस सापडला नाही तर यंत्र एलपीसीवर शोधतं. पण बोर्डावर तर मूळ बायोस ठणठणीत असतो. म्हणून चिपवाले एक तार बोर्डावरच्या ‘डी-झीरो’ बिंदूला जोडतात आणि चिप तो बिंदू ग्राउंड करते. डेटाचा एक बिट असा जखडला की फ्लॅशमधून येणारं सगळं निरर्थक होतं, यंत्र तिथला नाद सोडतं आणि चिपकडे वळतं.

मग करायचं काय? प्लग काढा, डी-झीरोची तार सोडवा, चिप उपसून ठेवा आणि यंत्र चालू करा. आता ते आपल्या मूळ बायोसवर चालायला बघेल. यातून तीन गोष्टी संभवतात. यंत्र नीट चालू झालं किंवा पडद्यावर बिघाडाचा आकडा आला, तर मदरबोर्ड बरा आहे आणि दोष चिपचा किंवा तिच्या जोडणीचा आहे. तरीही लाल-हिरवं होत राहिलं, तर चिप निर्दोष असण्याची शक्यता मोठी, दोष बोर्डात आहे. आणि चिप लावलेली असतानाही यंत्र मूळ बायोसवर चालत होतं, चिपचा मेनू कधी दिसतच नव्हता, तर डी-झीरोची तार कुठेतरी सुटलेली आहे.

दुसऱ्या शक्यतेला एक पाचर आहे. कुणी बोर्डावरच्याच फ्लॅशमध्ये मॉड बायोस लिहिलेला असू शकतो, याला टीएसओपी फ्लॅश म्हणतात. तो चुकीचा लिहिला गेला असेल तर चिप काढूनही लाल-हिरवंच दिसेल. १.० आणि १.१ मध्ये १ एमबीची फ्लॅश आहे, १.२ पासून २५६ केबीची, आणि मोठ्या जागेसाठीचा बायोस छोट्या जागेत कोंबण्याचा उद्योग लोकांनी केलेला आहे. जुनं यंत्र कुणाकडून घेतलं असेल तर आधीच्या मालकाला हे विचारा. असं यंत्र चिप लावूनच पुन्हा उठवता येतं, म्हणजे इथे चिप रोग नसून औषध ठरते.

१.६ ला मात्र ही युक्ती चालत नाही. त्यात डी-झीरो बिंदू नाही, वेगळी फ्लॅशही नाही, आणि कंपनीने एलपीसीच्या काही जोडण्याच गाळून टाकल्या आहेत. त्यामुळे तिथे चिप लावताना त्या तारा नव्याने ओढाव्या लागतात आणि एलफ्रेम नावाची ओळ ग्राउंड करावी लागते. १.६ मध्ये लाल-हिरवं दिसलं की मी आधी या हाताने ओढलेल्या तारा बघतो. बहुतेक वेळा त्यातलीच एखादी केसभर तार सुटलेली असते.

जोडणीच दोषी ठरली तर शोध सोपा आहे. एलपीसीवर चार डेटाच्या ओळी, फ्रेम, रिसेट, ३३ मेगाहर्ट्‌झचं क्लॉक, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड. चिपच्या पायापासून बोर्डाच्या छिद्रापर्यंत एकेक ओळ बीपवर तपासा. शेजारच्या दोन ओळींत बीप येता कामा नये. ड्राय सोल्डरचा टाका दिसायला मळकट, गोळ्यासारखा वर उभा राहतो. चांगला टाका पायाभोवती पसरून उतरत जातो. संशय आला तर फ्लक्स लावून पुन्हा एकदा गरम करा, सोल्डर वाढवत बसू नका. स्प्रिंगच्या पिनांवर नुसती दाबून बसवलेली चिप असेल तर ती काढून पिना सोल्डर करून टाका. दाबावर टिकलेला संपर्क कधीतरी सैल पडायचाच.

चिप खरोखर गेली असेल तरी आता फार वाईट वाटून घ्यायला नको. जुन्या अलाद्दीन किंवा एक्सेक्युटर चिप शोधत हिंडावं लागत नाही. ओपनझेनियम ही खुल्या आराखड्याची चिप आहे आणि मॉडएक्सओ तर रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डावर चालते. पिको पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज विचारता येईल अशी वस्तू आहे. नव्या पिकोवर लाल-हिरवं दिसलं तर टाके तपासण्याआधी त्यात बायोस घातला आहे ना, ते बघा. रिकामी चिपही हुबेहूब मेलेल्या चिपसारखी वागते.

दोष बोर्डात आहे असं ठरलं, तर प्रोसेसरशेजारचे उंच कपॅसिटर पाहा. डोकं फुगलेलं, बुडाशी चिकट डाग, तर बदला. नवे घेताना व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, फॅरडचा आकडा तोच, आणि पट्टीची बाजू म्हणजे ऋण टोक, ते उलटं बसवलं तर फुटतं. यंत्र थंड असताना लाल-हिरवं करतं आणि दोन-चारदा चालू-बंद केल्यावर चालतं, अशी तक्रार असेल तर हेच कपॅसिटर.

आणि कुणी रॅम वाढवली आहे का? १.६ सोडून बाकी बोर्डांवर चार रॅम चिपांसाठी रिकाम्या जागा आहेत, तिथे चार चिपा बसवून ६४ ची १२८ एमबी करता येते. प्रत्येक चिपला शंभर पाय. चारशे पायांतला एक शेजाऱ्याला चिकटला तर नवी रॅम चालत नाहीच, मूळ रॅमही अडकून पडू शकते. भिंगाखाली पाय मोजत बसण्याशिवाय इथे दुसरा मार्ग नाही, आणि हे काम कुणाच्याही आवडीचं नसतं.

आता जरा बरी बातमी. पडद्यावर आकडा आला तर अर्धी लढाई जिंकलेली असते. वर सांगितल्याप्रमाणे चिप काढल्यावर मूळ बायोसने ०५ दाखवला, तर लोक घाबरतात. घाबरू नका. ०५ चा अर्थ हार्डडिस्कला कुलूप नाही, आणि मॉडवाल्याने मोठी डिस्क घालताना कुलूप काढलेलंच असतं. मूळ बायोस कुलूप नसलेली डिस्क मानत नाही, एवढीच गोष्ट. उलट या आकड्याने प्रोसेसर, रॅम, व्हिडिओ आणि डिस्कची केबल चालू असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

०६ म्हणजे कुलूप आहे पण या यंत्राच्या किल्लीने उघडत नाही, थोडक्यात डिस्क दुसऱ्या एक्सबॉक्सची आहे. ०७ म्हणजे डिस्क उत्तर द्यायला उशीर करते, ०८ म्हणजे ती सापडतच नाही. १० ते १२ हे डीव्हीडी ड्राइव्हचे आकडे, १३ पासून पुढे डॅशबोर्डच्या फायलींकडे बघायचं. ०२ आला तर जरा गंभीर, कारण तो ईईप्रॉमचा, म्हणजे यंत्राची ओळख आणि किल्ली साठवणाऱ्या छोट्या चिपचा आहे.

०७ आणि ०८ च्या मागे मॉड केलेल्या यंत्रांत बहुधा एकच जागा निघते. जुनी आयडीई डिस्क काढून तिथे साटा डिस्क किंवा एसएसडी, मध्ये एक अ‍ॅडॅप्टर. हार्डडिस्क मास्टर आणि डीव्हीडी स्लेव्ह, अशी या यंत्राची अपेक्षा असते. अ‍ॅडॅप्टरवरचा जंपर तसा हवा. मूळ केबल चाळीस तारांची आहे. नवे बायोस डिस्क जास्त वेगाने चालवायला बघतात, आणि चाळीस तारांच्या केबलवर तो वेग पेलत नाही. यंत्र लोगोवर अडकतं, कधी खेळ अर्ध्यात गोठतो, कधी फाइल कॉपी करताना चुकते. एकतर ऐंशी तारांची केबल लावा (पिना चाळीसच असतात, जुन्या पीसीच्या भंगारात सापडते), नाहीतर बायोसच्या सेटिंगमध्ये वेग यूडीएमए-२ वर आणा. केबल बदलताना डीव्हीडी ड्राइव्हची पिवळी केबलही दाबून बघा. ट्रे उघडा की बंद, हे यंत्राला तिच्यातूनच कळतं.

चित्र न येणं हा वेगळाच घोळ. दिवा हिरवा, आवाज येतोय, पडदा काळा. १.० ते १.३ मध्ये कोनेक्सँटची व्हिडिओ चिप आहे, १.४ आणि १.५ मध्ये फोकसची, १.६ मध्ये एक्सकॅलिबर. फार जुना मॉड बायोस नंतरच्या चिपांना ओळखतच नाही, त्यामुळे यंत्र आत व्यवस्थित चालू असतं आणि बाहेर काही दिसत नाही. बायोस बदलला की झालं. युरोपातून आलेल्या पाल यंत्रावर ७२०पी किंवा १०८०आयचे पर्याय दिसत नाहीत, तो मात्र बिघाड नाही. ते ईईप्रॉममधल्या प्रदेशाच्या नोंदीवर ठरतं आणि मॉड केलेल्या यंत्रात ती नोंद बदलता येते. या एका कारणासाठी लोकांनी चांगले-भले एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर कचऱ्यात टाकलेले आहेत.

तापण्याबद्दल फार लिहायला नको. हीटसिंक काढा, खडूसारखी झालेली जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवी लावा, पंख्यातली धूळ काढा. अर्ध्या तासाने गोठणारे यंत्र बरेचदा एवढ्याने सुधारतं. ट्रे अडकत असेल तर ड्राइव्हमधला रबरी पट्टा काढून पुसा, गुळगुळीत झाला असेल तर बदला.

एक काम मात्र यंत्र धडधाकट असतानाच करून ठेवायचं. बोर्डावर ईईप्रॉम नावाची एक छोटी चिप आहे, तिच्यात जेमतेम २५६ बाइट मावतात. हार्डडिस्कच्या कुलपाची किल्ली, सिरियल नंबर, प्रदेश, सगळं त्यातच. मॉड केलेल्या जवळजवळ प्रत्येक डॅशबोर्डमध्ये आणि चिपच्या मेनूत तिची प्रत काढायची सोय असते. ती फाइल एफटीपीने (नेटवर्कवरून) संगणकावर घ्या, नावात यंत्राचा सिरियल नंबर टाका आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. उद्या बोर्ड गेला तरी त्या फाइलमधल्या किल्लीने कुलूपबंद डिस्क दुसऱ्या यंत्रात उघडता येते. फाइल नसेल तर मेलेल्या बोर्डावरची ती आठ पायांची चिप प्रोग्रामरने वाचावी लागते, आणि तिच्याभोवतीच गळती झालेली असेल तर तेही जमत नाही.